खड्ड्यातले संदेश

माझ्या धंद्याला धड नाव नाही. एखाद्या सरकारी खात्याला जुनं यंत्र मोडीत काढून नवं घ्यायचं असलं, की नव्या यंत्राला काय काय यायला हवं याची यादी करावी लागते. ती यादी मी करते. लोकांना विचारायचं, "तुम्हाला काय हवं?" आणि त्यांनी साध्या शब्दांत जे सांगितलं, ते कुणालाच कळणार नाही अशा भाषेत क्रमांक घालून लिहायचं. चौदा वर्षं हेच करतेय. त्यामुळे स्वभाव चिडका झालाय असं मी सांगते, आणि तो आधीपासूनच तसा होता असं माझी आई सांगते.

तर या खात्याचं काम होतं पाण्याचं आणि हवेचं. एकशे अठरा ठाणी. कुठे नदीकाठी पाण्याची पातळी मोजणारा माणूस, कुठे डोंगरावर वारा मोजणारी बाई, कुठे दीपगृहाचा राखणदार. दर तीन तासांनी प्रत्येकाने आपले आकडे पाठवायचे, आणि मुख्य कचेरीतल्या यंत्राने ते आपोआप वाटायचे. धरणाच्या दरवाज्यांच्या कचेरीला तिचे, विमानतळाला त्याचे, बंदराला त्याचे. हे यंत्र बावीस वर्षांचं झालं होतं. त्याचे सुटे भाग आता जगात कुठे मिळत नव्हते, म्हणून मला बोलावलं.

मुख्य साहेबांनी पहिल्याच दिवशी एक जाडजूड फाईल माझ्यापुढे सरकवली. "आमचं यंत्र म्हातारं आहे, पण चोख आहे," ते म्हणाले. "रोज पाच वाजता मोजणी होते. किती संदेश आले, किती पोचले, किती अमान्य. अमान्यांचा रकाना बघा."

मी बघितला. शून्य, शून्य, शून्य. बावीस वर्षांची शून्यं, आणि प्रत्येक पानाखाली त्या त्या वेळच्या साहेबाची सही. शेवटच्या नऊ वर्षांच्या सह्या या साहेबांच्या होत्या. मला खरं तर तेव्हाच संशय यायला हवा होता. माणसांनी पाठवलेल्या कुठल्याच गोष्टीत बावीस वर्षं शून्य चुका नसतात. पण काम सोपं होतंय म्हटल्यावर कोण कशाला नाक खुपसतंय? मी मुकाट्याने कलम लिहून टाकलं: 'अमान्य संदेश आपोआप पाठवणाऱ्याकडे परत जावेत.' पुढच्या कलमाकडे वळले.

संदेशांची खोली दुसऱ्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला. तीन पडदे, त्यातला एक हिरवट पडलेला. एक छपाईयंत्र, ज्याच्या झाकणावर पेपरवेट ठेवल्याशिवाय ते बंद राहत नसे. भिंतीवर नकाशा आणि त्यात एकशे अठरा टाचण्या. गार हवेचं यंत्र बरोबर एकाच खुर्चीवर वारा सोडायचं, आणि त्या खुर्चीत खांद्यावर शाल घेऊन बसलेली असायची तारबाई.

तारबाई हे अर्थातच खरं नाव नव्हे. बाई नोकरीला लागल्या तेव्हा संदेश तारेने यायचे. तारा गेल्या, नाव राहिलं. चौतीस वर्षं नोकरी, उंची बेताची, आवाज उंचीच्या मानाने फारच मोठा. निवृत्तीला अडीच महिने उरले होते. सेवापुस्तकात चौतीस वर्षांत एक वाकडा शब्द नाही, हे त्यांनी मला पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं, आणि पुढच्या दहा मिनिटांत माझं लग्न झालंय का, झालं नसेल तर का नाही, आणि पाठीला कसला पट्टा लावतेस, हे विचारून घेतलं. मी तोंड वाकडं केलं. त्यांनी तिकडे साफ दुर्लक्ष केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्यामागे वही घेऊन बसले होते. हिरवट पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, 'अमान्य: १९'. पाचला दहा कमी असताना पुन्हा बघितलं तर 'अमान्य: ०'.

"एकोणीस गेले कुठे?" मी विचारलं.

"कसले एकोणीस?"

"तारबाई, मला चष्मा आहे, पण तो लावलेला आहे."

बाई उठल्या, दार लोटून घेतलं आणि परत येऊन बसल्या. "याला आम्ही खड्डा म्हणतो," त्या म्हणाल्या. "यंत्राला संदेश पटला नाही की ते त्याला खड्ड्यात टाकतं. मी काढते."

"काढता म्हणजे?"

"म्हणजे दुरुस्त करते आणि पाठवते. दुसरं काय करतात?"

त्यांनी करून दाखवलं. नदीच्या वरच्या ठाण्याचा माणूस ठाण्याचा क्रमांक संदेशाच्या शेवटी टाकतो, कारण तो ज्या छापील फॉर्मवर शिकला त्यावर क्रमांकाची चौकट तळाला होती. यंत्राला तो पहिल्या ओळीत लागतो. डोंगरावरची बाई सकाळच्या संदेशावर आदल्या दिवसाची तारीख घालते, कारण ती आधी वारा मोजते, मग चहा घेते, आणि चहानंतर कॅलेंडरचं पान फाडते. दीपगृहवाला शून्याच्या जागी इंग्रजी ओ दाबतो. अशी तीस-चाळीस ठाणी. प्रत्येकाची खोड ठरलेली, आणि प्रत्येक खोड तारबाईंना तोंडपाठ.

"यांना शिकवत का नाही कुणी?"

"शिकवलं की. दोन दिवस नीट पाठवतात, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अगं, तो माणूस कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून पट्टी वाचतो. त्याचा आकडा आजवर एकदाही चुकला नाही. चुकतो तो नुसता फॉर्म. आता पाण्यात उभं राहणाऱ्याने फॉर्म सांभाळायचा की पाय?"

"आणि तुम्हाला शंका आली तर?"

"फोन करते. अंदाजाने एक आकडा कधी टाकला नाही. बाकीच्या दोन पाळ्यांतली माणसं खड्डा तसाच ठेवून जातात. तातडीचं असलं तर मला घरी फोन करतात, मी फोनवर सांगते."

आता अडचण अशी होती की खात्याचा नियम स्वच्छ होता. संदेशाचा मजकूर पाठवणाऱ्याने बदलावा, नाहीतर मुख्य अधिकाऱ्याने. आणखी कुणीही नाही. तारबाई रोज चाळीसएक वेळा हा नियम मोडत होत्या, आणि मोडल्याची कुठे खूण राहू देत नव्हत्या, म्हणूनच फाईलभर शून्यं होती. त्या शून्यांच्या भरवशावर मी नव्या यंत्राला सांगितलं होतं, अमान्य संदेश परत पाठव. नवं यंत्र ते इमानेइतबारे करणार. वरच्या ठाण्याचा माणूस आपला संदेश परत आलाय हे बघणार पुढच्या मोजणीला, म्हणजे तीन तासांनी. आणि मग पुन्हा क्रमांक तळाला टाकणार.

"तुमच्यानंतर काय?" मी विचारलं.

"तेच तर मी तुला विचारणार होते," तारबाई म्हणाल्या. "तुझ्या त्या यादीत एक ओळ घाल. खड्ड्यातला संदेश माणसाला दिसला पाहिजे आणि माणसाला सुधारता आला पाहिजे. बस. एवढी एक ओळ."

मला वाटलं, ओळच तर आहे. मी साहेबांकडे गेले. साहेब वाईट माणूस नव्हता, नुसता सावध होता. त्यांनी खरेदी समितीचा नियम काढून दाखवला. जुन्या यंत्राच्या कामात जी अडचण कागदावर नोंदलेली नाही, तिच्यासाठी नव्यात सोय मागता येत नाही. माणूस तर नाहीच नाही. "कागदावर शून्य आहे," ते म्हणाले. "शून्यासाठी मी माणूस कसा मागू? तुम्हाला काही वेगळं म्हणायचं असेल तर आकडा आणा."

आकडा आणायचा म्हणजे एक दिवस तारबाईंनी खड्ड्याला हात लावायचा नाही आणि पाच वाजता मोजायचं. मी हे सांगितलं तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "उद्या नको. उद्या घरी ये."

घर कचेरीमागच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानावर. दुकान त्यांच्या नवऱ्याचं. बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र, त्याच्या शेजारी फोन, आणि फोनवर मापाच्या टेपने बांधलेली पेन्सिल. काकांनी मला खुर्ची दिली आणि सरळ मुद्द्याला हात घातला. "हिने तुम्हाला सांगितलं ना सगळं? मला आधी विचारलं नाही."

"अहो, विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता," तारबाई आतून म्हणाल्या.

"म्हणालोच असतो. अडीच महिने राहिलेत. आकडा निघाला की लोक विचारणार, बावीस वर्षं शून्य कसं होतं? मग कोणाच्या गळ्यात पडणार? चौतीस वर्षं डोळ्यांत तेल घालून नोकरी केली, आणि जाताना चोर ठरायचं?" ते माझ्याकडे वळले. "माझ्या सदऱ्याला बटण नसलं तर हिच्या महिनाभर लक्षात येत नाही. पण कुठल्या डोंगरावरच्या बाईने तारीख चुकवली की हातातला घास खाली ठेवून फोनला धावते. आता बास करायला सांगा."

खरं सांगायचं तर काकांचं म्हणणं मला पटलं होतं. एका ओळीसाठी माणसाने स्वतःला कशाला कापून घ्यावं? मी तसं म्हणालेही. तारबाई चहा घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मला जाताना हारतुरे घ्यायला आवडतील. खोटं कशाला बोलू? फार आवडतील. पण मी घरी बसल्यावर तिकडे खड्डा भरत राहणार, हे मला इथे बसून कळणार ना. तुम्हाला नाही कळणार, मला कळणार." त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते पुसायला त्यांनी नवऱ्याच्याच दुकानातली चिंधी घेतली. काकांनी ते बघितलं, आणि उठून शिवणयंत्रावर जाऊन बसले.

चाचणी गुरुवारी झाली. सकाळी नऊला तारबाई खुर्चीत बसल्या आणि हात मांडीवर ठेवले. मी शेजारी. साहेब दोनदा येऊन डोकावून गेले. दहाला पाच, अकराला चौदा, बाराला तेवीस. प्रत्येक आकड्याबरोबर बाईंच्या बोटांची चुळबुळ व्हायची आणि मी, उगीच कठोरपणे, "हात" एवढंच म्हणायचे. संदेश वाया जाऊ नयेत म्हणून ठिकठिकाणी फोन करून तोंडी कळवायचं असं ठरलं होतं, आणि बंदर, विमानतळ वगैरे मंडळींनी ते चालवूनही घेतलं.

पाऊण वाजता नदीच्या वरच्या ठाण्याचा संदेश आला आणि सरळ खड्ड्यात गेला. तारबाईंनी तो वाचला. तीन तासांत पाणी दोन मीटरने चढलं होतं.

त्यांनी दरवाज्यांच्या कचेरीला फोन लावला. पलीकडचा माणूस अदबीने बोलत होता, पण हलत नव्हता. पूर्वी कुणीतरी खोटा फोन करून दरवाजे उघडायला लावले होते, तेव्हापासून तिथे छापील संदेश हातात आल्याशिवाय इशाऱ्याचा भोंगाही वाजवायचा नाही असा दंडक होता. खाली पात्रात वाळू उपसणारी माणसं असतात, हे मला तेव्हा कळलं.

"साहेबांना बोलवा," मी म्हणाले. "त्यांना मजकूर बदलायचा अधिकार आहे." मी व्हरांड्यात धावले. साहेब जेवायला गेले होते. मी परत आले तर तारबाईंनी क्रमांक तळातून उचलून वर ठेवला होता आणि संदेश सोडला होता. छपाईयंत्र खडखडत होतं. चार मिनिटांत दरवाज्यांच्या कचेरीतून पोच आली, भोंगा वाजवला म्हणून.

"ठीक आहे," मी म्हणाले. "हा एक सोडून बाकीचे मोजू. कुणाला सांगायची गरज नाही."

पण तारबाईंनी कपाटातून नोंदवही काढली होती. हस्तक्षेपांची नोंदवही. बावीस वर्षं कोरी. त्यांनी पहिल्या पानावर वेळ लिहिली, संदेशाचा क्रमांक लिहिला, काय बदललं ते लिहिलं आणि खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं.

"अहो, हे काय करताय?" मी जवळजवळ ओरडलेच.

"आज मोजायचं ठरलंय ना?" त्या म्हणाल्या. "मग हाही मोज."

पाच वाजता खड्ड्यात सदतीस संदेश होते. वाळू काढणारी सगळी माणसं वेळेत वर आली, असं संध्याकाळी कळलं. मला वाटलं, संपलं, मिळाली ओळ. मी खुळी.

समितीने उलट प्रश्न विचारले: हे एका दिवसाचं झालं, बावीस वर्षांच्या शून्यांचं काय? त्या दिवशी नदीला पाणी होतं, धांदल होती, अपवाद असेल. आणि नोंदवहीतल्या नोंदीचं काय? विनापरवाना मजकूर बदललाय, त्यावर कारवाई काय केली ते कळवा.

चार दिवसांनी साहेबांनी तारबाईंना बोलावलं, आणि मलाही. टेबलावर एक पान होतं. "वाचा," ते बाईंना म्हणाले. "शक्य तेवढं सौम्य लिहिलंय." पानावर होतं की अमुक तारखेला, आणीबाणीच्या परिस्थितीत, एका प्रसंगी कर्मचाऱ्याने संदेशाच्या मजकुरात हस्तक्षेप केला, सबब तोंडी समज देण्यात येत आहे. सेवापुस्तकात काही जाणार नव्हतं. निरोप समारंभ व्यवस्थित होणार होता. तुम्ही जरा विचार केलात तर हे पान म्हणजे साहेबांनी बाईंना दिलेली भेटच होती.

तारबाईंनी चष्मा पुसला, पान दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "साहेब, हे चुकलंय. एका प्रसंगी नाही."

"बाई."

"बावीस वर्षं. रोज. चाळीस धरा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी बाईंना आवरेन. मी जमिनीकडे बघत होते. "ते लिहिलं तर समज देऊन भागणार नाही," साहेब म्हणाले. "रीतसर चौकशी लागेल. निवृत्तीचे कागद अडकतील. आणि त्या शून्यांवर सह्या कुणाच्या आहेत माहीत आहे ना?"

"नऊ वर्षं तुमच्या. म्हणून तर मी खोडत नाहीये." तारबाईंनी पान त्यांच्यापुढे ठेवलं. "तुम्ही खोडा. पण एकदाच झालं असं लिहिलंत तर ती ओळ यादीत जाणार नाही, साहेब. एकदाच झालेल्या गोष्टीसाठी कोण माणूस ठेवेल?"

साहेबांनी दोन वेळा पेनाचं टोपण काढून परत लावलं. मला त्या क्षणी त्यांचा राग यायला हवा होता, पण आली ती कीवच. आपल्या सहीची नऊ वर्षं स्वतःच्या हाताने खोटी ठरवायची, हे काही तारबाईंच्या नोंदीपेक्षा सोपं नव्हतं. शेवटी त्यांनी 'एका प्रसंगी' खोडलं आणि वर लिहिलं, 'बावीस वर्षे, दररोज, सुमारे चाळीस'. शेजारी सही केली. बाईंनी वाचून मान हलवली आणि पोच म्हणून खाली आपली सही केली.

"मग मी जाऊ का पाळीवर?" त्यांनी विचारलं. "तीन वाजले. तीनचे संदेश यायला लागले असतील."

"बाई, आता नाही जाता येणार," साहेब हळूच म्हणाले. "चौकशी संपेपर्यंत त्या यंत्राला तुमचा हात लागता कामा नये."

हे मात्र तारबाईंच्या ध्यानात आलं नव्हतं. इतका वेळ ताठ बसलेली ती बाई एकदम खचली. निवृत्तीचं, हारतुऱ्यांचं सगळं त्यांनी मनाशी धरलं होतं, पण आजचे तीनचे संदेश धरले नव्हते. "सहाची पाळी येईपर्यंत तिथे कुणी नाही," त्या म्हणाल्या, आणि आवाज, तो एवढा मोठा आवाज, फुटला. "वरच्या ठाण्याचा येईल. कोण बघणार?"

साहेब उठले, खुर्चीच्या पाठीवरचा कोट तसाच सोडला आणि व्हरांड्यातून चालू लागले. आम्ही मागोमाग गेलो. संदेशांच्या खोलीत जाऊन ते तारबाईंच्या खुर्चीत बसले. गार हवेचा झोत अंगावर आला तसे शहारले, पण बसले. पडद्यावर 'अमान्य: ९' होतं.

"मजकूर बदलायचा अधिकार मला आहे," ते म्हणाले. "पण मला यातलं काही येत नाही. सांगा."

तारबाई त्यांच्यामागे दोन हात अंतरावर उभ्या राहिल्या आणि हात चुकून पुढे जाऊ नयेत म्हणून पाठीमागे धरले. "पहिला दीपगृहाचा," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या ओळीतला गोल ओ काढा, शून्य घाला. हां. आता पाठवायच्या आधी नोंदवहीत लिहा."

साहेब दोन बोटांनी टंकत होते. एकेका संदेशाला पाच मिनिटं लागत होती. चौथा वरच्या ठाण्याचा होता, आणि पाणी उतरत होतं.